तक्रार नसताना करायची तपासणी

दवाखान्यातल्या तक्त्याची शेवटची ओळ न अडखळता वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात, आतल्या बाजूला, रक्त पाझरत असू शकते. त्याला वर्तमानपत्र वाचता येते, रात्री गाडी चालवता येते, सुईत दोरा ओवता येतो. चष्म्याचा नंबरही बदललेला नसतो. तरीही त्याच्या डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या असू शकतात आणि उपचार झाले नाहीत तर पुढच्या एक-दोन वर्षांत त्याची नजर जाऊ शकते. मधुमेहामुळे होणाऱ्या या विकाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. तो दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल करत नाही. शरीर एरवी धोक्याची जी सूचना देते, ती इथे फार उशिरा येते.

म्हणून मधुमेह असलेल्याने डोळे दाखवायला जायचे ते तारीख पाहून, तक्रारीची वाट पाहत बसायचे नाही. नजर चांगली असतानाच केलेली तपासणी नजर वाचवते. हे डॉक्टर एवढ्या आग्रहाने का सांगतात, त्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा अनुभव कसा आहे आणि तपासणीच्या दिवशी नेमके काय होते, ते या प्रकरणात पाहू.

पडद्यावर काय घडते

डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. पुस्तकी भाषेत ते दृष्टिपटल, दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी मात्र पडदा. प्रकाशाचे रूपांतर मज्जासंदेशात होते ते इथे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरातल्या सर्वाधिक प्राणवायू वापरणाऱ्या ऊतींत पडद्याची गणना होते. तो प्राणवायू पोचवण्यासाठी पडद्यावर अतिशय बारीक केशवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की या केशवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. पुढे जे होते ते ठिबकच्या शेतात होते तसेच. पाण्यातले क्षार साचून काही ड्रिपर बुजतात आणि तिथली झाडे तहानेली राहतात. कुठे नळी कमकुवत होऊन गळते आणि तिथे चिखल होतो. बांधावरून पाहणाऱ्याला शेत बराच काळ हिरवेच दिसते.

पडद्यावरही गळणे आणि बुजणे ही दोन्ही संकटे एकदम येतात. सुरुवातीला केशवाहिन्यांवर सूक्ष्म फुगवटे येतात. त्यांतून रक्ताचे ठिपके पडतात, पाणी आणि स्निग्ध पदार्थ पाझरतात आणि पिवळसर कण साचतात. पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, टाके घालणे ही सगळी बारीक कामे त्याच्या जोरावर चालतात. हे पाझरणे पीतबिंदूत झाले तर तिथे सूज येते आणि मधली नजर धूसर होते. ही सूज विकाराच्या कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते.

जिथे वाहिन्या बुजतात तिथला पडदा प्राणवायूवाचून उपाशी राहतो. उपाशी पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात आणि त्याच्या सांगण्यावरून नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. ही शरीराची मदत असते, पण ती अपायच करते. नव्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात. त्या फुटल्या की डोळ्याच्या पोकळीतल्या पारदर्शक द्रवात रक्त उतरते आणि माणसाला एका सकाळी काळे धागे, जाळे किंवा थेट अंधार दिसतो. या वाहिन्यांबरोबर तंतुमय ऊतीही वाढतात, आकसतात आणि पडद्याला ओढून जागेवरून सोडवतात. काहींच्या डोळ्यातला पाण्याचा निचरा या वाहिन्यांमुळे अडतो आणि अतिशय वेदनादायी काचबिंदू होतो. वेदना येते ती अशी, अगदी शेवटी.

दिसते चांगले, मग बिघडले कुठे?

एवढी पडझड होत असताना माणसाला कळत कसे नाही, हा प्रश्न रास्त आहे. एक कारण असे की तक्ता वाचताना आपण पडद्याचा मधला अगदी छोटा भाग वापरतो. बाकीच्या पडद्यावर ठिपके पडले, वाहिन्या बुजल्या, तरी मधला भाग शाबूत असेल तर वाचन बिनधोक चालते. दुसरे कारण म्हणजे आपण दोन डोळ्यांनी पाहतो. एकाची नजर हळूहळू उतरली तर दुसरा सांभाळून घेतो. एखाद्या दिवशी सहज चांगला डोळा चोळायला म्हणून झाकला जातो आणि दुसऱ्याने काहीच दिसत नसल्याचे तेव्हा उमगते. आणखी एक कारण मनाचे आहे. वयाच्या पन्नाशी-साठीत नजर थोडी अधू झाली तर ‘नंबर वाढला असेल’ किंवा ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ असे आपणच आपल्याला सांगतो. मधुमेहींना मोतीबिंदू लवकर होतो हे खरे आहे. त्यामुळे तर हा समज अधिक पक्का होतो आणि पडद्याकडे लक्ष जात नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासून झाले, हाही असाच समज. नंबर काढताना पडदा पाहिला जात नाही. चाळीस वेळा नंबर काढला तरी रेटिनोपॅथी त्यात सापडणार नाही.

डोळ्याच्या आत पाहण्याची सोय

जिवंत माणसाचा पडदा पाहता येईल असे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये जगापुढे मांडले. त्याआधी डोळ्याची बाहुली म्हणजे एक काळे छिद्र होते. आत काय आहे ते मृत्यूनंतरच कळे. उपकरण आल्यावर पाच वर्षांच्या आतच व्हिएन्नातल्या एडुआर्ड येगर यांनी मधुमेहींच्या पडद्यावरचे बदल नोंदवले. त्या काळातले काही मोठे नेत्रतज्ज्ञ मात्र हा संबंध मानायला तयार नव्हते.

पुढची अनेक दशके हा विकार तुलनेने कमी आढळला. त्याचे कारण दुःखद होते: मधुमेह झालेली मुले आणि तरुण फार काळ जगतच नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र पालटले. माणसे वीस-तीस वर्षे मधुमेहासह जगू लागली आणि त्या वर्षांचा भार डोळ्यांवर दिसू लागला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९८० नंतर झालेल्या दीर्घ अभ्यासात असे आढळले की टाइप १ मधुमेहाला वीस वर्षे झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या आणि टाइप २ च्या सुमारे ६० टक्के रुग्णांच्या पडद्यावर काही ना काही बदल झालेले असतात.

दिसत होते, पण करता काही येत नव्हते, असा मोठा काळ गेला. १९५० आणि १९६० च्या दशकांत तर नजर वाचवण्यासाठी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी काढून टाकण्यापर्यंत किंवा नष्ट करण्यापर्यंत डॉक्टरांनी मजल मारली होती. त्यातून काहींचे डोळे वाचले, पण संप्रेरकांच्या कमतरतेचा जन्मभराचा त्रास मागे लागला. एवढ्यावरून उपायाची किती निकड होती ते कळते.

मार्ग निघाला तो सूर्याच्या प्रकाशातून. जर्मनीत १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या रुग्णाच्या पडद्यावरचा डाग गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांनी पाहिला. प्रकाश पडदा जाळू शकतो, तर मोजूनमापून जाळण्याचा उपयोग उपचारासाठी का करू नये, असा विचार त्यांनी केला. त्यांनी आधी आरशांनी वळवलेला सूर्यप्रकाश वापरला, मग झेनॉनचा दिवा. आणि १९६० मध्ये लेझरचा शोध लागल्यावर पुढे लेझर आला. उपाशी पडद्याच्या कडेच्या भागावर लेझरचे ठिपके दिले की प्राणवायूची मागणी घटते, व्हीईजीएफ कमी होते आणि नव्या वाहिन्या आकसतात.

याचा पक्का पुरावा अमेरिकेच्या डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी या चाचणीने दिला. सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्याला लेझर दिला, दुसरा तसाच ठेवला. १९७६ मध्ये निष्कर्ष आले: लेझर दिलेल्या डोळ्यांत तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले होते. फरक इतका स्पष्ट होता की ज्या डोळ्यांना गरज होती त्या उरलेल्या डोळ्यांनाही उपचार देण्याची परवानगी चाचणी चालू असतानाच द्यावी लागली.

याच चाचणीने आणखी एक गोष्ट अधोरेखित केली. लेझर गेलेली नजर परत आणत नाही, असलेली टिकवतो. म्हणजे रुग्ण ज्या दिवशी दवाखान्यात पोचतो त्या दिवशी त्याची जेवढी नजर शिल्लक असेल, साधारण तेवढीच वाचवता येते. नियमित तपासणीचा सगळा युक्तिवाद यावर उभा आहे.

घरी पत्र पाठवणारी यंत्रणा

उपचार सापडला म्हणून अंधत्व आपोआप थांबले नाही. रुग्ण वेळेत सापडणे हे वेगळे काम आहे आणि ते काही देशांनी मनावर घेतले. आइसलँडने १९८० मध्ये मधुमेहींची नियमित नेत्रतपासणी सुरू केली. तिथल्या मधुमेहींमधले अंधत्वाचे प्रमाण पुढच्या काळात २.४ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले.

इंग्लंडने २००३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००८ पर्यंत तो देशभर पोचवला. बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेहीचे नाव यादीत येते आणि त्याला तपासणीचे पत्र घरी जाते. तंत्रज्ञ प्रत्येक डोळ्याच्या पडद्याची दोन छायाचित्रे काढतात, प्रशिक्षित माणसे ती पाहून वर्गवारी करतात आणि गरज असेल त्यालाच तज्ज्ञाकडे पाठवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे फळ दाखवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये कामाच्या वयातल्या माणसांच्या अंधत्वाचे पहिले कारण निदान पन्नास वर्षे मधुमेह हे होते. ते आता पहिले राहिले नव्हते. आनुवंशिक पडदाविकार पुढे गेले होते. मधुमेहींची संख्या याच काळात वाढली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे मोल कळते. औषधे सुधारली, साखरेवर नियंत्रणही सुधारले. पण प्रत्येकाला ठरलेल्या वेळी बोलावणाऱ्या यंत्रणेचा त्यात मोठा वाटा मानला जातो.

आपल्याकडे

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले: २६.४ टक्के. म्हणजे तिथे दर चार प्रौढांमागे एकाला.

केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांना रेटिनोपॅथी असल्याचे दिसले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेल्या एका मोठ्या पाहणीतही सुमारे १५ टक्के मधुमेहींच्या पडद्यावर विकार आढळला. मधुमेह फक्त खात्यापित्या घरांचा आजार आहे, हा समज त्यामुळे निकालात निघतो. पण राष्ट्रीय पाहणीतली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब वेगळी होती. मधुमेह असल्याचे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी दहातल्या नऊजणांचा पडदा एकदाही तपासला गेलेला नव्हता.

याला रुग्णाचा आळस म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. डोळ्यात थेंब टाकले की चार-सहा तास धूसर दिसते, म्हणून सोबत कोणी तरी लागते. रोजंदारीवरच्या घरात ते म्हणजे दोघांचा खाडा. घरातल्या बाईची तपासणी तर सगळ्यांचे सगळे उरकल्यावर, तीही मनात आले तर. शुगरचे डॉक्टर एका ठिकाणी, डोळ्यांचे दुसऱ्या आणि पडद्याचे तज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या गावी. तक्रार नसताना एवढा व्याप कोण करणार?

यावर उपाय एकच: जिथे साखर तपासली जाते तिथेच पडद्याचे छायाचित्रही निघावे. हातात धरता येणारे आणि स्मार्टफोनला जोडलेले कॅमेरे आता भारतातच तयार होतात आणि अनेकदा थेंबांशिवायही उपयोगी छायाचित्र मिळते. छायाचित्र वाचण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत होते. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या मोठ्या कामात भारतीय नेत्ररुग्णालयांतली छायाचित्रेही वापरलेली होती. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत फोनवर, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या अशा प्रणालीची चाचणी झाली. २०१९ मध्ये तिचे उत्साहवर्धक निष्कर्ष आले. अशा यंत्राचे काम ‘पुढे तज्ज्ञाकडे पाठवायचे की नाही’ एवढेच सांगण्याचे असते. काचबिंदू किंवा मोतीबिंदूचे निदान त्याच्याकडून गृहीत धरू नये, आणि यंत्राने ‘पाठवा’ म्हटल्यावर रुग्ण खरोखर पोचला का, हे पाहायला माणूसच लागतो.

कोणी, कधी तपासायचे

टाइप २ मधुमेह, म्हणजे मोठेपणी होणारा नेहमीचा प्रकार, ज्या दिवशी कळला त्याच सुमारास पहिली तपासणी करावी. तो कळण्याआधी कित्येक वर्षे शरीरात गुपचूप असू शकतो. ब्रिटनमधल्या युकेपीडीएस या प्रसिद्ध अभ्यासात, मधुमेह नुकताच सापडलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांच्या पडद्यावर सूक्ष्म फुगवटे आधीच आलेले होते. ‘मला तर आत्ताच शुगर निघाली’ हे त्यामुळे थांबण्याचे कारण होऊ शकत नाही.

टाइप १ मधुमेह सहसा लहान वयात आणि एकाएकी सुरू होतो. तिथे निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करतात.

मधुमेह असलेल्या स्त्रीने मूल हवे असेल तर आधीच पडदा तपासून घ्यावा. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत आणि पुढेही डॉक्टर सांगतील तसे दाखवावे. गरोदरपणात रेटिनोपॅथी झपाट्याने वाढू शकते. गरोदरपणातच प्रथम साखर वाढली असेल तर हा धोका सहसा नसतो.

पडदा स्वच्छ निघाला तर पुढची तपासणी वर्षाने. इंग्लंडमध्ये लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आलेल्यांना २०२३ पासून दोन वर्षांनी बोलावतात. पण तिथे प्रत्येकाची जुनी छायाचित्रे यंत्रणेकडे जपलेली असतात. आपल्याकडे अशी नोंद क्वचितच असते, म्हणून वर्षाची मुदत पाळणे शहाणपणाचे. सौम्य बदल असतील तर सहा ते बारा महिन्यांनी, मध्यम असतील तर आणखी लवकर, आणि तीव्र अवस्थेत तर काही आठवड्यांत पुन्हा दाखवावे लागते. तीव्र अवस्थेतल्या जवळपास निम्म्या डोळ्यांत वर्षभरात नव्या वाहिन्या फुटू शकतात. अशा वेळी ‘दिवाळी झाल्यावर बघू’ म्हणणे महागात पडते.

तपासणीच्या दिवशी

प्रथम तक्ता वाचून प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी मोजतात, डोळ्याचा दाब पाहतात. मग बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. ते क्षणभर झोंबतात. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. जुन्या मधुमेहींच्या बाहुल्या लहान आणि हट्टी असतात, त्यांना थोडा जास्त वेळ आणि पुन्हा थेंब लागू शकतात. त्यानंतर डॉक्टर डोक्यावर दिवा लावून, हातात भिंग धरून पडदा कडेपर्यंत पाहतात किंवा कॅमेऱ्याने छायाचित्र घेतात. यात सुई नाही, दुखणे नाही, उपाशी राहण्याची गरजही नाही. नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन आणि जेवण वेळेवर घ्यावे. थांबावे लागले तर जवळ काही खायला असावे.

पीतबिंदूवर सूज वाटली तर ओसीटी नावाची तपासणी करतात. प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे थर दाखवणारी ही तपासणी काही मिनिटांत होते. काही वेळा हाताच्या शिरेतून पिवळा रंग टोचून पडद्याच्या वाहिन्यांची छायाचित्रे काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, त्याने घाबरू नये.

जाताना जुन्या चष्म्याचा आणि औषधांचा कागद, अलीकडचा एचबीएवनसी (सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) आणि रक्तदाबाची नोंद सोबत न्यावी. परतताना स्वतः गाडी चालवू नये, गॉगल वापरावा. आणि दवाखाना सोडण्यापूर्वी डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: पडद्यावर काही आहे का, आणि मी पुन्हा कधी यायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह फायलीवर लिहून घ्यावे.

काही सापडलेच तर

पडद्यावर ठिपके आहेत असे कळले की अनेकजण हादरतात आणि पुन्हा फिरकतच नाहीत. खरे तर बहुतेक सौम्य बदलांना डोळ्यात कोणताच उपचार लागत नाही. साखर, रक्तदाब सांभाळणे आणि वेळेवर दाखवणे एवढेच पुरते.

पीतबिंदूवर सूज असेल आणि नजर उतरत असेल तर व्हीईजीएफला रोखणारे औषध डोळ्यात टोचतात. ‘डोळ्यात सुई’ ऐकूनच अंगावर काटा येतो, पण डोळा थेंबांनी बधिर करून ते काम अगदी थोड्या वेळात उरकते. या औषधांमुळे उतरलेली नजर काही प्रमाणात सुधारू शकते, आणि लेझरच्या काळात ही आशा फारशी नव्हती. मात्र एका सुईने भागत नाही. सुरुवातीला महिन्याच्या अंतराने आणि पुढे गरजेप्रमाणे त्या घ्याव्या लागतात. मधेच सोडून दिलेल्या उपचाराने डोळे गमावलेले रुग्ण पडद्याच्या डॉक्टरांना नेहमी भेटतात. रॅनिबिझुमॅब या औषधाचे स्वस्त भारतीय रूप २०१५ पासून उपलब्ध आहे.

नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर लेझर आजही भरवशाचा उपाय आहे. त्याने कडेची आणि रात्रीची नजर थोडी कमी होऊ शकते, पण मधली नजर वाचते. डोळ्यात रक्त साचून राहिले किंवा पडदा ओढला गेला तर शस्त्रक्रिया करावी लागते. तिथवर पोचलेल्या डोळ्यांतही पुष्कळदा उपयुक्त नजर टिकवता येते, पण खर्च, वेळ आणि अनिश्चितता सगळेच वाढलेले असते. सरकारी रुग्णालये, धर्मादाय नेत्ररुग्णालये आणि आरोग्य योजनांत कोणते उपचार बसतात, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

डोळ्यांचे औषध पोटापासून सुरू होते

उत्तर अमेरिकेतल्या डीसीसीटी या चाचणीत टाइप १ चे १,४४१ रुग्ण होते. १९९३ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार साखर काटेकोरपणे सांभाळणाऱ्यांत नव्याने रेटिनोपॅथी होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. युकेपीडीएसने १९९८ मध्ये दाखवले की रक्तदाब काबूत ठेवल्याने टाइप २ मध्ये रेटिनोपॅथी वाढण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. म्हणून डोळ्यांसाठी साखरेइतकेच लक्ष रक्तदाबाकडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार, रक्तक्षय आणि तंबाखू यांकडेही दुर्लक्ष करू नये.

इथे एक सावधगिरी आहे. खूप वाढलेली साखर एकदम खाली आणली तर काही काळ रेटिनोपॅथी बळावू शकते. डीसीसीटीमध्ये हे दिसले, आणि सेमाग्लुटाइड या नव्या औषधाच्या २०१६ सालच्या चाचणीतही तशी नोंद झाली. यावर उपाय म्हणून साखर वाढलेली ठेवायची नसते. इन्सुलिन किंवा असे जोरदार औषध सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्यावा आणि नंतर काही महिने लक्ष ठेवावे.

पडद्याचा आणखी एक उपयोग आहे. शरीरात कुठेही चिरफाड न करता रक्तवाहिन्या थेट पाहता येतील अशी ही जागा आहे. इथे बिघाड दिसला तर मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांतही तसाच बिघाड असण्याची शक्यता असते, म्हणून लघवीतले प्रथिन आणि क्रिएटिनिन तपासायला सांगतात.

घरच्यांसाठी

आपल्या घरात मधुमेह असलेले कोणी नाही असे म्हणू शकणारी कुटुंबे महाराष्ट्रात आणि गोव्यात कमी होत चालली आहेत. आई, वडील, काका, आत्या यांच्या फायलीत पडद्याच्या तपासणीचा कागद आहे का, तो कोणत्या तारखेचा आहे, हे एकदा उघडून पाहा. कागद नसेल तर येत्या पंधरवड्यातली तारीख ठरवा आणि त्या दिवशी सोबत जा. सोबतीला कोणी नाही म्हणून पुष्कळ तपासण्या राहतात. वाढदिवसासारखी कायम लक्षात राहणारी तारीख दरवर्षीच्या तपासणीसाठी नेमून ठेवा. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने दिनदर्शिका वाचून पाहायला सांगा. रेषा वाकड्या दिसल्या, काळे ठिपके किंवा जाळे तरंगू लागले, नजर एकाएकी उतरली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मात्र हा घरगुती पडताळा तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

मधुमेहातले बहुतेक अंधत्व टाळता येते. औषध आहे, यंत्र आहे, पुरावाही आहे. त्याचा लाभ वेळेत पोचणाऱ्यालाच मिळतो. तुम्हाला मधुमेह असेल आणि गेल्या वर्षभरात थेंब टाकून किंवा छायाचित्र काढून पडदा तपासला गेला नसेल, तर डोळ्यांची काहीही तक्रार नसली तरी या आठवड्यात वेळ घ्या.